‘डॉक्टर’ या चित्रातले मूल वाचते का?

चित्र वाचताना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न (अमळनेर येथील वाचक) : माझ्या आजोबांच्या दवाखान्यात, कंपाउंडरच्या खिडकीवरच्या भिंतीला, एका इंग्रजी चित्राची काळ्या-पांढऱ्या छपाईतली जुनी प्रत टांगलेली असे. दोन खुर्च्या जोडून त्यांवर निजवलेले आजारी मूल, त्याच्याकडे टक लावून बसलेला दाढीवाला डॉक्टर, मागे अंधारात उभा असलेला बाप आणि टेबलावर डोके टेकून बसलेली आई, असा प्रसंग त्यात आहे. खाली ‘द डॉक्टर’ एवढेच छापलेले आहे. आजोबा गिरणी कामगारांच्या चाळीत रात्री-अपरात्री जात असत, त्यामुळे हे जणू त्यांचेच चित्र आहे अशी आमच्या घरात समजूत होती. मात्र त्याच्या अर्थावरून आजी-आजोबांचे कधीच जमले नाही. आजी म्हणे, “मूल गेलेलं आहे, म्हणून तर माय तोंड लपवते आहे.” आजोबांचे म्हणणे, मूल वाचणार आहे. यातले खरे काय? आणि शीर्षक डॉक्टरच्या नावाचे असताना तो काहीच करताना का दिसत नाही?

उत्तर : हे चित्र ल्यूक फाइल्ड्स (१८४३–१९२७) या इंग्रज चित्रकाराचे आहे. साखरेच्या धंद्यात गडगंज झालेले हेन्री टेट यांनी १८९० मध्ये ते काढण्यास सांगितले, विषय निवडण्याची मोकळीक चित्रकाराला दिली आणि त्यासाठी ३,००० पौंड मोजले. १८९१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात लोकांनी ते प्रथम पाहिले आणि पुढे टेट यांनी राष्ट्राला दिलेल्या संग्रहाबरोबर ते त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात गेले. मूळ चित्र सुमारे १६६ सेंटिमीटर उंच आणि २४२ सेंटिमीटर रुंद आहे. भिंतीवरच्या हातभर प्रतीत जो डॉक्टर आपण पाहिला, तो मूळ चित्रासमोर उभे राहणाऱ्याला जवळजवळ खऱ्या माणसाएवढा भासतो.

आपल्या आजी-आजोबांच्या मतभेदाचे निम्मे कारण, माझ्या मते, त्या काळ्या-पांढऱ्या छपाईत आहे. मूळ चित्रात दोन प्रकारचे उजेड आहेत. टेबलावरच्या दिव्याची काच-टोपी मुद्दाम कलती केलेली आहे, जेणेकरून त्याचा पिवळसर उजेड मुलाच्या अंगावर आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर पडावा. दुसरा उजेड मागच्या लहानशा खिडकीतून येतो, तो थंड आणि निळसर आहे. हा दुसरा उजेड म्हणजे पहाट. रंगीत चित्रात हा फरक पहिल्या नजरेत कळतो. छपाईत मात्र दोन्ही उजेड राखाडी होतात, खिडकी नुसती फिकट चौकट उरते आणि सगळा प्रसंग मध्यरात्रीचा वाटू लागतो. ज्या घरात मध्यरात्री आई टेबलावर कोसळली आहे, त्या घरातले मूल गेले असेच कोणीही समजेल. आजींनी जे पाहिले ते त्यांच्यासमोरच्या प्रतीशी प्रामाणिक होते.

चित्रकाराचा स्वतःचा खुलासा आजोबांच्या बाजूचा आहे. फाइल्ड्स यांनी म्हटले आहे की खिडकीतून पहाट हळूच आत येत आहे, जीवघेण्या आजारात हीच घटका निर्णायक असते, आणि तिच्याबरोबर आईबापांच्या मनात पुन्हा आशा जागी होत आहे. आई आपल्या भावना उघड्या पडू नयेत म्हणून तोंड लपवते, आणि बापाने तिच्या खांद्यावर ठेवलेला हात दुःखाचा नसून येऊ घातलेल्या आनंदाचा पहिला दिलासा आहे. एवढे वाचून प्रश्न निकालात काढता येईल. पण मला तसे करावेसे वाटत नाही. चित्रकार काय म्हणाला हा एक पुरावा, आणि चित्रात काय दिसते हा दुसरा. चित्रात दिसतो तो मुलाचा अंथरुणाबाहेर आलेला हात, ज्याचा तळवा वर आणि बोटे सैल पडलेली आहेत. झोपलेल्या मुलाचा हात असा असतो आणि गेलेल्या मुलाचाही असा असू शकतो. फाइल्ड्स यांच्यासारख्या कसलेल्या माणसाला तो हात पांघरुणाखाली घेता आला नसता असे नाही. १८७७ च्या नाताळात त्यांचा स्वतःचा थोरला मुलगा फिलिप वारला होता, आणि त्या आजारपणात घरी येणाऱ्या डॉ. मरे यांची सेवावृत्ती त्यांच्या मनात कायमची राहिली. ज्या आठवणीतून हे चित्र आले, त्या आठवणीतले मूल वाचलेले नाही. त्यामुळे खुलाशात मूल वाचते आणि हातात मात्र शंका राहते, असे मी म्हणेन. आजींचे मत अगदीच निराधार ठरत नाही.

आता डॉक्टर काही करीत का नाही, याविषयी. त्याने जे करायचे ते करून झाले आहे, आणि हे सांगण्याचे काम चित्रकाराने सामानावर सोपवले आहे. टेबलावर अर्धवट रिकामी औषधाची बाटली आणि कप आहे. बाकावर वाडगे आणि पाण्याचा जग आहे, म्हणजे ताप उतरावा म्हणून अंग पुसून झाले आहे. जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले आहेत, ते औषधाच्या चिठ्ठीचे असावेत असे मानले जाते. ज्यांच्या घरी एके काळी दवाखान्यातून मिक्श्चरची बाटली येत असे, बाटलीला खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली असे आणि किती खाचा उतरल्या यावरून आजार कुठवर आला हे घरातले मोजत असत, त्यांना त्या अर्ध्या बाटलीचा अर्थ कोणी सांगायला नको. ती बाटली या चित्रातले घड्याळ आहे.

त्या काळच्या वैद्यकाची मर्यादाही येथे लक्षात घ्यावी लागते. १८९१ मध्ये प्रतिजैविके नव्हती. घटसर्पावरील प्रतिविष सर्रास वापरात यायला आणखी तीन-चार वर्षे होती. न्यूमोनियात ताप चढत जाऊन साधारण आठवड्याभराने एका रात्रीत झपाट्याने उतरे किंवा रोगी हाती लागत नसे. इंग्लंडमध्ये त्या सुमारास जन्मलेल्या दर १,००० मुलांपैकी सुमारे १५० मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. अशा स्थितीत शेजारी बसून श्वास पाहणे, नाडी पाहणे आणि वाट पाहणे हाही उपचाराचाच भाग होता. मात्र एक गोष्ट चित्रकाराने मुद्दाम केलेली आहे. स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर ही दोन्ही साधने तोपर्यंत डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आलेली होती, आणि चित्रात त्यांपैकी एकही नजरेत भरत नाही. हनुवटीशी हात नेऊन बसलेल्या माणसाची नजर हेच येथे साधन आहे. आपल्या काळातील डॉक्टरचे स्थान नोंदवून ठेवावे हा या चित्रामागचा हेतू असल्याचे फाइल्ड्स सांगत, आणि तो हेतू त्यांनी यंत्राऐवजी माणसाच्या एकाग्रतेतून साधला. डॉक्टर मंडळींना हे चित्र का आवडले, याचे उत्तर यातच आहे.

आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे असे एक बाकी राहते : या डॉक्टरचे पैसे कोणी दिले? घर कष्टकऱ्याचे आहे. खुर्च्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि मुलाला स्वतःचे अंथरूण नाही. अशा कुटुंबांनी डॉक्टर मिळवण्याचे त्या काळी काही ठरावीक मार्ग होते : परस्पर-साहाय्य मंडळात आठवड्याला काही पेनी भरून मंडळाने नेमलेल्या डॉक्टरकडे जाणे, धर्मादाय रुग्णालयाच्या दारात रांग लावणे, किंवा गरिबांसाठीच्या सरकारी डॉक्टरकडे जाऊन आपण कंगाल आहोत हे गावासमोर कबूल करणे. यांपैकी कोणत्याही मार्गाने आलेला डॉक्टर सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत एकाच झोपडीत बसून राहणे कठीणच होते, कारण त्याच्याकडे रोग्यांची रीघ असे आणि मोबदला तुटपुंजा असे. पुढे १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा आला, तेव्हा कामगाराला स्वतःला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळाला नाही. या चित्रातल्या मुलाला हक्काने डॉक्टर मिळायला १९४८ ची राष्ट्रीय आरोग्य सेवा यावी लागली. अपवाद म्हणून रात्रभर बसणारे डॉक्टर तिकडेही होते आणि आपल्या आजोबांसारखे इकडेही होते. पण फाइल्ड्स यांनी अपवादाला नियमाच्या आकाराचे चित्र दिले, हे विसरता येत नाही.

माझा या चित्राविषयीचा खरा आक्षेप येथूनच सुरू होतो, आणि तो उजेडाविषयी आहे. बाप आणि आई अंधारात आहेत. चित्राच्या शीर्षकात ते नाहीत आणि दिव्याच्या कक्षेतही नाहीत. घर त्यांचे, मूल त्यांचे, आणि जागरणही त्यांनीच रात्रभर केले. तरी आपल्याच घरात ते पाहुण्यासारखे भिंतीला लागून आहेत. याच चित्रकाराने १८७६ मध्ये प्रदर्शित केलेले ‘विधुर’ हे चित्र शेजारी ठेवून पाहावे. तेथेही घर मजुराचे आहे आणि मूल आजारी आहे, परंतु मुलाला मांडीवर घेऊन चित्राच्या मध्यभागी बसलेला आहे तो रांगडा, थकलेला बाप, आणि त्याच्या भोवती त्याची इतर मुले. त्याहीपूर्वी, १८६८ मध्ये, थॉमस फेड या स्कॉटिश चित्रकाराने आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढून पहाटे खुर्चीतच झोप लागलेला कामगार रंगवला होता. म्हणजे शुश्रूषा करणारा बाप इंग्रजी चित्रकलेला अपरिचित नव्हता. १८७६ ते १८९१ या काळात फाइल्ड्स यांनी दिवा बापाच्या हातून काढून डॉक्टरच्या बाजूला ठेवला, आणि कष्टकरी कुटुंबाचे चित्र सुशिक्षित व्यवसायाचे चित्र झाले.

हे लिहिताना चित्रकाराचा वंश आठवल्याशिवाय राहत नाही. त्यांना वाढवले ते त्यांच्या आजीने, मेरी फाइल्ड्स यांनी. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर कामगारांच्या सभेवर घोडदळ घातले गेले (याच घटनेला पुढे ‘पीटरलू’ म्हणू लागले), तेव्हा मेरी व्यासपीठावर होत्या आणि जखमी झाल्या होत्या. नातू मात्र १८९१ पर्यंत लंडनच्या मेलबरी रोडवर, नॉर्मन शॉ या नामांकित वास्तुशिल्पकाराने बांधलेल्या प्रशस्त घरात राहत होता, आणि चित्रासाठी त्याने त्या घरातल्या स्टुडिओत छताच्या तुळयांसह अख्खी झोपडी उभी करवून घेतली होती. हवेलीतल्या झोपडीला मी ढोंग म्हणणार नाही, कारण त्या झोपडीतला उजेड खरा उतरला आहे. परंतु तेथे खरे कुटुंब कधी राहिले नव्हते, एवढे लक्षात ठेवून चित्राकडे पाहावे.

या चित्राचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. त्याच्या छापील प्रती लाखोंनी खपल्या; १९४७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या शताब्दीनिमित्त ते टपाल तिकिटावर आले; आणि १९४९ मध्ये त्याच संघटनेने सरकारी आरोग्य विम्याला विरोध करण्यासाठी ते भित्तिपत्रकावर छापून ‘या चित्रात राजकारण आणू नका’ असे आवाहन केले. डॉक्टर फक्त डॉक्टर आणि रोगी फक्त रोगी आहे, पैशाचा प्रश्न उद्भवतच नाही, असे हे चित्र पाहणाऱ्याला वाटायला लावते, म्हणूनच त्याचा असा वापर करता आला.

प्रश्न (जळगाव येथील शिक्षिका) : माध्यमिक वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना मी इंग्लंडमधील कामगार कुटुंबांची अशी चित्रे विद्यार्थ्यांना दाखवते. ती त्या काळच्या घरांचा पुरावा म्हणून दाखवणे योग्य आहे का?

उत्तर : दाखवावीत, मात्र घराचा पुरावा म्हणून जेवढी उपयोगी आहेत त्याहून अधिक ती चित्र विकत घेणाऱ्याच्या मनाचा पुरावा म्हणून उपयोगी आहेत. रॉयल अकॅडमीत चित्रे घेणारा वर्ग कारखानदारांचा, व्यापाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्या मंडळींचा होता. दिवाणखान्यात लावायचे चित्र दुःखी असले तरी चालत असे, परंतु ते रागावलेले असून चालत नसे. म्हणून या चित्रांतली गरिबी सहसा स्वच्छ असते, फरशी झाडलेली असते, बाप प्यायलेला नसतो आणि मुले मोजकी असतात. आपल्या विद्यार्थ्यांना ‘डॉक्टर’ दाखवून एक साधा प्रश्न विचारून पाहावा : या मुलाची भावंडे कुठे आहेत? त्या काळच्या मजुराच्या घरात पाच-सहा मुले असणे सामान्य होते, आणि एका खोलीच्या घरात ती सगळी त्याच खोलीत निजत असत. चित्रातून ती काढून टाकली, तेव्हाच एवढी शांतता शक्य झाली. आपल्याकडच्या एखाद्या सालदाराच्या घरातले आजारपण ज्या मुलांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रश्न पटकन उमगेल. तेथे दार लोटून दिले तरी शेजारपाजार ओसरीत बसलेलाच असतो.

तुलनेसाठी इंग्लंडमधलेच त्या काळचे चित्रकार ह्यूबर्ट फॉन हर्कोमर यांची दोन चित्रे घ्यावीत. पहिले १८८५ चे ‘कठीण दिवस’, जे मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे. कामाच्या शोधात निघालेले कुटुंब रस्त्याच्या कडेला थांबले आहे. थकलेली आई मुलांना जवळ घेऊन जमिनीवर बसली आहे, बाप उभा राहून रस्त्याच्या लांब वळणाकडे पाहतो आहे, आणि जवळच त्याची कुदळ-फावडी टेकवून ठेवलेली आहेत. या चित्रात घरच नाही, आणि ते नसणे हाच त्याचा विषय आहे. काम संपले की मुक्काम हलवायचा, मुले आणि अवजारे बरोबर घ्यायची, हे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमुळे खानदेशातील मुलांना पुस्तकाबाहेरूनच ठाऊक असते. त्यामुळे त्या चित्रातली कुदळ त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. तिला चांगली धार आहे आणि तिला काम नाही.

दुसरे चित्र १८९१ चे, म्हणजे ‘डॉक्टर’च्याच वर्षीचे, ‘संपावर’. लंडनच्या गोदी कामगारांचा मोठा संप १८८९ मध्ये झाला होता आणि त्याची आठवण ताजी होती. हर्कोमर यांचा कामगार आपल्या घराच्या दारात ताठ उभा आहे, त्याचा चेहरा बंद आहे, आणि तान्ह्या मुलाला घेतलेली बायको त्याच्या खांद्यावर कलली आहे. येथेही बायको दुःखात आहे आणि बाप गप्प आहे, म्हणजे पात्रे जवळजवळ तीच आहेत. परंतु बाप पुढे आहे, उजेडात आहे, आणि त्याचे गप्प राहणे हा त्याने घेतलेला निर्णय आहे. या घरात कोणी शहाणा भला माणूस मदतीला आलेला नाही. ‘डॉक्टर’ आणि ‘संपावर’ ही दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून, ‘यांतल्या कोणत्या बापाचे चित्र कारखानदाराने दिवाणखान्यात लावले असते?’ असे विचारले, तर माझ्या अनुभवाने आठवी-नववीची मुले फार नेमके बोलतात.

छापील साप्ताहिकांकडेही जरूर वळावे. १८६९ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ‘द ग्राफिक’ हे सचित्र साप्ताहिक सुरू झाले आणि त्याच्या पहिल्याच अंकात फाइल्ड्स यांचे, रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत भिंतीलगत रांग लावून उभ्या असलेल्या बेघरांचे चित्र आले. पुढे त्यावरूनच त्यांनी १८७४ चे मोठे तैलचित्र केले. या साप्ताहिकातली चित्रे लाकडी ठशांवरून छापलेली, खरखरीत आणि घाईची आहेत. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ती जमवत असे. पुरावा म्हणून मला ती तैलचित्रांपेक्षा अधिक भरवशाची वाटतात, कारण ती विकत घेणारा माणूस ती भिंतीवर लावणार नव्हता.

प्रश्न (जामनेर येथील वाचक) : दुसऱ्या देशातील आणि दुसऱ्या शतकातील माणसांच्या भावना आपण चित्रातून बरोबर ओळखतो, याची खात्री काय?

उत्तर : खात्री नसते, आणि याचे उत्तम उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात एक भित्तिचित्र आहे. आसनावर बसलेल्या एका उच्चकुलीन स्त्रीची मान कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, मागून एक दासी तिला सावरते आहे आणि दुसरी पंख्याने वारा घालते आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची चित्रे नक्कल करवून घेत होते. या चित्राने ते भारावून गेले. फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखन अधिक चांगले केले असते आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग अधिक चांगले भरले असते, परंतु भाव याहून अधिक कोणालाही ओतता आला नसता, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. हे चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ याच नावाने जगभर प्रसिद्ध झाले.

पुढील अभ्यासकांनी भोवतालचे प्रसंग जुळवून पाहिले, तेव्हा कथा वेगळी निघाली. ही बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी आहे. नंद भिक्षू झाला, आणि त्याने टाकलेला मुकुट घेऊन सेवक घरी आला, ते पाहून ती मूर्च्छित झाली. तिला काहीही रोग झालेला नाही. मुकुट हाती धरलेला माणूस भिंतीवर होताच. परंतु ज्या काळात इंग्लंडच्या प्रदर्शनांत दर वर्षी आजारी मुले आणि मृत्युशय्या टांगल्या जात होत्या, त्या काळातून आलेल्या नजरेला कललेली मान दिसली की मृत्यू दिसे. ग्रिफिथ्स यांनी त्या चेहऱ्यातले दुःख अगदी अचूक ओळखले आणि त्याचे कारण मात्र स्वतःच्या काळातून आणून त्याला जोडले. आपणही ‘डॉक्टर’ पाहताना हेच करण्याचा संभव आहे. रडणारी आई आपल्याला लगेच कळते. ती तोंड का लपवते हे कळण्यासाठी खिडकीचा रंग, बाटलीतले औषध आणि मुकुटासारखी कडेला पडलेली वस्तू पाहावी लागते. जामनेरहून लेणी तासाभराच्या अंतरावर आहेत. एखाद्या सकाळी गर्दी होण्यापूर्वी जाऊन आधी तो सेवक शोधावा आणि मग सुंदरीकडे वळावे. चित्र निराळेच दिसते.

प्रश्न (भुसावळ येथील वाचक) : माझ्याकडेही ‘डॉक्टर’ या चित्राची जुनी प्रत आहे. तिच्यावर तपकिरी ठिपके आले आहेत. ती मौल्यवान आहे का, आणि ती कशी जपावी?

उत्तर : या चित्राच्या प्रती एवढ्या निघाल्या की साध्या प्रतीला मोठी किंमत येण्याचा संभव कमी आहे. मात्र चौकटीतून काढून खालचा समास पाहावा. तेथे चित्रकाराची पेन्सिलीने केलेली सही असेल तर ती सुरुवातीच्या निवडक प्रतींपैकी असू शकते आणि जाणकाराला दाखवण्याजोगी आहे. सही छापलेली असेल तर ती सर्वसाधारण प्रत समजावी.

ठिपके बुरशीमुळे आणि कागदातील आम्लामुळे पडतात. ते ओल्या फडक्याने पुसू नयेत आणि घरगुती ब्लीचिंगचा प्रयोग तर मुळीच करू नये. ठिपका जातो आणि त्याबरोबर कागदही जातो. जुन्या चौकटींच्या मागे स्वस्त पुठ्ठा किंवा लाकडाची फळी ठोकलेली असते. बहुतेक नुकसान तीच करते, म्हणून प्रथम ती काढून आम्लरहित पुठ्ठा घालावा. काच चित्राला चिकटलेली नसावी. मध्ये खिडकी कापलेला जाड कागदी माउंट असला म्हणजे हवेला जागा राहते. काच आधीच चिकटलेली असेल तर ओढू नये, हे काम कागद-संवर्धकाकडेच द्यावे. भुसावळचा उन्हाळा कागदाला कडक करतो आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात, त्यामुळे चित्र घराच्या आतल्या भिंतीवर, ऊन थेट पडणार नाही अशा जागी लावावे आणि चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे चिकटवून ती भिंतीपासून थोडी सुटी ठेवावी. कसर लागली आहे का, हे पावसाळा संपल्यावर मागची बाजू उघडून एकदा पाहिले म्हणजे पुरे.